‘फ्री बर्ड’ संपता संपता आवाज फाटतो, पिन अडकते: जुन्या एलपीतला दोष कुठे शोधायचा

लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचा १९७३ सालचा पहिला अल्बम सेकंडहँड आणला, दुसरी बाजू लावली, आणि पुढच्यापैकी काहीतरी झालं:

- पिन एका जागी अडकते आणि गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो.
- पिन मध्येच लेबलच्या दिशेने उडी मारते, चार-दोन ओळी गायब होतात.
- दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येतो.
- ‘फ्री बर्ड’च्या संथ सुरुवातीला मागे सतत खरखर ऐकू येते.
- शेवटच्या गिटार सोलोत आवाज फाटतो, झांजा चरचरतात, दोन गिटारी वेगळ्या ऐकूच येत नाहीत.
- लांबवलेला सूर वरखाली हलतो.

अटलांटाच्या आसपास जुन्या रेकॉर्डच्या पेट्या चाळल्या की हा अल्बम हमखास हाती लागतो. तो ध्वनिमुद्रितही इथेच झाला, डोराव्हिलच्या स्टुडिओ वनमध्ये, निर्माता अल कूपर. बँड मूळचा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. इथले ओळखीचे लोक हीच तबकडी घेऊन माझ्याकडे येतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते, दुसऱ्या बाजूचा शेवट. बऱ्याचदा तबकडी बाद झालेली नसते. लोक मात्र ती बाद समजून ठेवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा शेवटच का बिघडतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या डोळे झाकून कराव्या लागणार नाहीत. दुसरी बाजू साधारण २१ मिनिटांची आणि तिच्या शेवटी नऊ मिनिटांचं ‘फ्री बर्ड’. एलपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिनिटाला ३३⅓ फेरे याच वेगाने फिरते. पण बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलपाशी जेमतेम २१. म्हणजे तेवढ्याच वेळाचं संगीत आत निम्म्याहून कमी लांबीत बसवलेलं असतं. खाचेतली वळणं दाट होतात, आणि जाड टोकाची किंवा झिजलेली पिन त्या वळणांत नीट उतरत नाही. नेमक्या त्याच जागी या गाण्यातला सगळ्यात दाट भाग येतो: चार मिनिटांहून लांबलेला सोलो, त्यात ॲलन कॉलिन्सने स्वतःच्याच गिटारवर दुसरी गिटार चढवलेली. उलट गाण्याचा पहिला अर्धा भाग संथ आहे, ऑर्गन आणि गॅरी रॉसिंग्टनची स्लाइड गिटार. तिथे धूळ आणि ओरखडे उघडे पडतात. संथ भागात काय ऐकू आलं आणि वेगवान भागात काय, हे वेगवेगळं लिहून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

दोष तबकडीचा की प्लेअरचा?

याला एक पैसा लागत नाही आणि तरी हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. जिचा शेवट चांगला वाजतो याची खात्री आहे अशी दुसरी एलपी लावा आणि तिचंही शेवटचं गाणं ऐका. तिथेही आवाज फाटला तर तुमची तबकडी निर्दोष असू शकते, प्लेअरकडे बघा. ती स्वच्छ वाजली तर आपली तबकडी एखाद्या मित्राच्या चांगल्या प्लेअरवर लावून बघा. मात्र तुमच्या पिनेचं टोक तुटलंय किंवा वाकडं झालंय अशी शंका असेल तर तिच्याखाली कुठलीच आवडती तबकडी ठेवू नका. तुटकी पिन एका वाजवण्यात खाच खरवडते.

उजेडात बघा

खोलीतला दिवा मालवा, टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. हात फक्त कडेला आणि लेबलला. केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, कागदी पाकिटातून तबकडी आतबाहेर केली की त्या पडतातच, आणि बहुतेक ऐकूही येत नाहीत. कडेपासून लेबलकडे जाणारा आडवा ओरखडा दिसला तर त्यावरून नख अगदी हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो ऐकू येणारच. असा ओरखडा दर फेऱ्याला एकदा वाजतो आणि एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. म्हणून ‘टक् टक्’ ठरावीक तालात येत असेल तर दोष ओरखड्याचा, आणि कसाही कधीही येत असेल तर बहुधा धुळीचा. हा फरक कळला की तासभराचं धुणं वाचतं, कारण धुऊन ओरखडा जात नाही.

खाचेच्या दिशेनेच जाणारा ओरखडा जास्त त्रासदायक. तो छोटा असला तरी पिनेला शेजारच्या खाचेत ढकलतो, आणि पिन अडकते ती बऱ्याचदा त्यामुळेच.

दुसरी खूण रंगाची. ताजी खाच काळी चमकते. शेवटच्या गाण्याचा पट्टा राखाडी, निस्तेज दिसत असेल तर आधीच्या मालकाने जड टोनआर्मखाली (टोनआर्म म्हणजे पिन धरणारा लांब दांडा) किंवा झिजलेल्या पिनेखाली हे गाणं खूपदा वाजवलंय. असा पट्टा नेमका ‘फ्री बर्ड’वर दिसणं यात नवल नाही, लोक हा अल्बम त्या गाण्यासाठीच घ्यायचे. पण डोळ्यांना राखाडी दिसणारी तबकडी कधीकधी चांगली वाजते, म्हणून केवळ दिसण्यावरून निकाल देऊ नका.

पिनेवरचा गोळा

भिंगातून पिनेचं टोक बघा. जुनी, न धुतलेली तबकडी एकदा वाजवली तरी टोकाभोवती करड्या लोकरीसारखा गोळा जमतो. पिन त्या गोळ्यावर तरंगते, खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, आणि बाजू संपेपर्यंत गोळा वाढत जातो. म्हणून सुरुवात ठीक आणि शेवट घोगरा, असं होतं. पिनेचा ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून आपल्याकडे, असाच ओढा. उलट किंवा आडवा ओढला तर पिन ज्या बारीक दांडीवर बसवलेली असते ती वाकते. घट्ट चिकटलेल्या मळासाठी भिंती पुसायचा पांढरा मेलामाइन स्पंज घ्या. पिन त्यावर सरळ खाली टेकवायची आणि सरळ वर उचलायची. घासायची नाही, ओढायची नाही.

प्लेअर सपाट आहे का?

स्पिरिट लेव्हल थाळीवर दोन दिशांनी ठेवून बघा. प्लेअर एका बाजूला कललेला असेल तर टोनआर्म त्या बाजूला घरंगळायला बघतो. अमेरिकेतल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, लाकडी जमीन. कुणी शेजारून चाललं की पिन उडते आणि दोष तबकडीवर येतो. प्लेअर भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवला की हा प्रश्न संपतो. स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर असतील तर आधी ते वेगळे करा.

वजन आणि अँटीस्केट

पिन उडते म्हटलं की लोक कार्ट्रिजवर, म्हणजे टोनआर्मच्या टोकाशी पिन बसवलेल्या डबीवर, नाणं ठेवतात. कृपा करून हे करू नका. उडी थांबते हे खरं, पण पिन खाच कापत पुढे जाते आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही.

प्रत्येक कार्ट्रिजला ठरावीक वजन लागतं. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम, ऑर्टोफोन २एम रेडला १.८ ग्रॅम. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरचं सिरॅमिक कार्ट्रिज पाच ग्रॅमच्या आसपास दाबतं. त्यावर ही तबकडी रोज वाजवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा दहा-पंधरा डॉलरला मिळतो. टोनआर्मच्या मागच्या चकतीवरच्या आकड्यांपेक्षा या काट्यावर विश्वास ठेवा.

‘कमी वजन म्हणजे कमी झीज’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वजन कमी पडलं की पिन दाट वळणांवर भिंतीपासून सुटते आणि परत येऊन आपटते. सोलोत ऐकू येणारा चरचराट बरेचदा हाच असतो. कंपनीने १.८ ते २.२ अशी मर्यादा दिली असेल तर मी मधल्या किंवा वरच्या आकड्याकडे झुकतो.

अँटीस्केट म्हणजे टोनआर्मला आत खेचणाऱ्या जोराला दिलेला प्रतिकार. तो कमी असेल तर पिन खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची भिंत सुटते. बाहेरची भिंत म्हणजे उजवा स्पीकर. म्हणून हेडफोन लावून ऐका. आवाज उजवीकडे आधी फाटत असेल किंवा पिन आतल्या दिशेने उडत असेल तर अँटीस्केट थोडं वाढवा. डावीकडे आधी फाटत असेल तर कमी करा. सुरुवात पिनेच्या वजनाइतक्या आकड्यापासून करावी आणि मग कानाने ठरवावं.

आता धुवा

आधी कोरडी धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने काढा, नाहीतर ओली झाली की तिचा चिखल खाचेत बसतो. मग डिस्टिल्ड पाण्याचे चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग, आणि रंग-सुगंध नसलेल्या भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात आणि नवी खरखर सुरू होते. अमेरिकेत डिस्टिल्ड पाण्याचा गॅलन किराणा दुकानात मिळतो. भारतात बॅटरीच्या दुकानात विचारा.

लेबल कोरडं ठेवा. मऊ मायक्रोफायबर कापड किंवा मखमली पॅड खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मिश्रण मिनिटभर तसंच राहू द्या, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून काढा. हे दुसरं पुसणं लोक गाळतात. साबण खाचेत राहिला की पहिल्या वाजवण्यात पिनेवर पांढरा चिकट थर येतो. तबकडी भांड्यांच्या जाळीत उभी वाळवा. परत जुन्या कागदी पाकिटात घालू नका, ते धुळीने भरलेलं असतं. आतलं पाकीट नवं, प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्या. छापील मूळ पाकीट असेल तर ते टाकू नका, बाहेरच्या कव्हरमध्ये वेगळं ठेवा.

एक सावधगिरी, जी आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाची. आजोबांच्या पेटीतल्या नाट्यगीतांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांना हे मिश्रण लावू नका. त्यात लाख असते आणि अल्कोहोलने लाख विरघळते. वर दिलेली कृती फक्त व्हिनाइलच्या एलपीसाठी.

धुऊनही पिन ठरावीक जागीच अडकत असेल तर ती जागा भिंगाखाली शोधा. जुन्या किमतीच्या स्टिकरचा डिंक, मेणबत्तीचं मेण, सांडलेली बिअर असं काहीतरी चिकटलेलं असतं. लाकडी टूथपिकचं टोक ओलं करून, खाचेच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने ते सोडवा. धातूची सुई वापरू नका. तीनचार प्रयत्नांत निघालं नाही तर तो कण नसून ओरखडा आहे, तिथे थांबा.

प्लेअर ऑटोमॅटिक असेल तर

हे कारण फार थोड्यांच्या डोक्यात येतं, म्हणून जरा सविस्तर. ऑटोमॅटिक आणि सेमी-ऑटोमॅटिक प्लेअरमध्ये बाजू संपली की टोनआर्म उचलणारी यंत्रणा असते. टोनआर्म लेबलजवळ आला की तो आतल्या एका छोट्या पट्टीला ढकलू लागतो. सत्तरच्या दशकातल्या प्लेअरमध्ये त्या पट्टीचं ग्रीस आता वाळून डिंकासारखं झालेलं असतं. मग पट्टी सरकत नाही, टोनआर्म अडतो, आणि पिन मागच्या खाचेत पडते. तबकडीवर एकही ओरखडा नाही, पण ‘फ्री बर्ड’चं शेवटचं मिनिट दर वेळी अडकतं आणि इतर एलपींचाही शेवट अधूनमधून अडकतो, तर संशय इथेच घ्या.

तपासायला सोपं आहे. प्लेअरची वायर भिंतीतून काढा, अँटीस्केट शून्यावर आणा, मागचं वजन असं लावा की टोनआर्म हवेत समतोल तरंगेल, आणि बोटाने त्याला हळूच आत न्या. बाहेरच्या कडेपासून शेवटच्या गाण्यापर्यंत तो विनाअडथळा सरकला पाहिजे. लेबलच्या अगदी जवळ किंचित भार जाणवला तर चालतं. संगीत अजून चालू असणाऱ्या भागातच तो अडत असेल तर यंत्रणेला साफसफाई आणि नवं ग्रीस हवं. हे काम मी लोकांना घरी करायला सांगत नाही. थाळीखाली स्प्रिंगा असतात, काही मॉडेलमध्ये विजेच्या जोडण्या उघड्या असतात, आणि एक स्प्रिंग उडाली की शोधत बसावं लागतं.

कार्ट्रिजची जुळणी आणि पिनेचा आकार

टोनआर्म एका टोकाला खिळलेला असल्यामुळे पिन खाचेला सगळीकडे अचूक समांतर राहू शकत नाही. बाएरवाल्ड नावाच्या नेहमीच्या जुळणीत ती केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर बरोबर समांतर येते. याचा छापील तक्ता मिळतो किंवा स्वतः छापता येतो, पण छापल्यावर पट्टीने मोजून बघा; प्रिंटरने आकार थोडा जरी बदलला तरी सगळं चुकतं. पिन आधी ६६ मिलिमीटरच्या खुणेवर टेकवा आणि कार्ट्रिजच्या कडा रेघांशी जुळवा. आपला दाट सोलो आतल्या भागात आहे, त्यामुळे हीच खूण जास्त कामाची. दुसऱ्या खुणेवरही कडा जुळेपर्यंत कार्ट्रिज थोडं थोडं पुढेमागे करत राहावं लागतं. स्क्रू आवळताना पिनेचं संरक्षक टोपण लावलेलं असू द्या.

जुळणी झाल्यावरही आवाज फाटत असेल तर पिनेचं वय मोजा. ऑडिओ-टेक्निका आपल्या साध्या लंबगोल पिनेचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलिनियरचं, म्हणजे जास्त बारीक घडवलेल्या टोकाच्या पिनेचं, १००० तास. रोज एक एलपी ऐकणाऱ्याची लंबगोल पिन सव्वाएक वर्षात संपते. मायक्रोलिनियर टोक खाचेच्या दाट वळणांत नीट बसतं, आणि व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून फक्त पिन बदलता येते. खर्च बराच आहे, म्हणूनच ही पायरी इतक्या उशिरा. पण ‘फ्री बर्ड’च्या सोलोतल्या दोन गिटारी सुट्या सुट्या ऐकायच्या असतील तर एवढा फरक दुसऱ्या कशाने पडताना मी पाहिलेला नाही.

जे दुरुस्त होत नाही

चांगल्या प्लेअरवर, नव्या पिनेने, धुतल्यावरही सोलो फाटतच असेल तर खाच झिजलेली आहे. त्यावर उपाय नाही. तबकडी ठेवा, पहिली बाजू मनापासून ऐका, आणि दुसरी प्रत शोधताना विक्रेत्याला दुसऱ्या बाजूचा शेवट वाजवून दाखवायला सांगा.

कधीकधी ‘झर्र झर्र’ असा आवाज थोडा वेळ येतो आणि जातो, दर वेळी त्याच जागी. हा दाबणीतला दोष, साच्यात व्हिनाइल पूर्ण भरलेलं नसतं. धुऊन जात नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पीव्हीसीची टंचाई झाली, तबकड्या पातळ झाल्या आणि जुनं व्हिनाइल वितळवून मिसळणंही वाढलं. त्यामुळे जुनी प्रत म्हणजे चांगलीच, असं धरून चालू नका.

सूर वरखाली हलत असेल तर तबकडी समोरून डोळ्यांच्या रेषेत फिरताना बघा. ती वाकलेली असेल तर टोनआर्म वरखाली होतो. भोक मध्यावर नसेल तर तो डावीउजवीकडे झुलतो. वाकलेली तबकडी काचांमध्ये घालून ओव्हनमध्ये ठेवायचे सल्ले सर्रास दिले जातात. मी ते देणार नाही. व्हिनाइल मऊ होतं त्याच तापमानाला खाचही मऊ होते. सपाट करायचं खास यंत्र ठेवणारी दुकानं असतात, तिथे द्या. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात तबकडी गाडीत विसरू नका, वाकायला दुपार पुरते.

इथे थांबा, तंत्रज्ञाकडे जा

पिनेची दांडी वाकलेली दिसली. टोनआर्म बुडापाशी धरून हलवला तर खुळखुळतो. जोडण्या साफ करूनही एकच स्पीकर वाजतो. ऑटोमॅटिक यंत्रणा अडते. मोटर गरम होते किंवा जळका वास येतो. यातलं काहीही असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. तबकडी दुर्मीळ असेल आणि घरच्या धुण्याने फरक पडला नाही तर अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊन देणाऱ्याकडे एकदा द्या. एका तबकडीचे थोडे डॉलर जातात, पण खाचेच्या तळाचा मळ हाताने निघत नाही.

अमेरिकेतून पुण्या-मुंबईला प्लेअर नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या बेल्टवाल्या प्लेअरची एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्झप्रमाणे फिरते, त्यामुळे भारतात तो मिनिटाला ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे घेईल आणि गायक रॉनी व्हॅन झँटचा आवाज जड, लांबलेला ऐकू येईल. तबकडीत किंवा पिनेत दोष शोधत बसू नका. ५० हर्ट्झसाठीची पुली मिळते का ते तंत्रज्ञाला विचारा. प्लेअर अजून घ्यायचाच असेल तर डीसी मोटरचा घ्या.